आधी तारीख बघ

बारावीच्या पुस्तपालनात अंतिम लेख्यांच्या गणिताखाली समायोजनांची यादी असे. ‘कर्जावरील अदत्त व्याज’ आलं की हात आपोआप चाले: नफातोट्यात मिळवा, ताळेबंदात देयतांच्या बाजूला दाखवा, चला पुढे. या एका ओळीवर पुढे पोट भरावं लागेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो.

आता मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या औद्योगिक रीटचे, म्हणजे स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करणाऱ्या न्यासांचे, हिशेब वाचतो. प्रोलॉजिस, फर्स्ट इंडस्ट्रियल, ईस्टग्रुप. म्हणजे गोदामांचे मालक. १९६० च्या कायद्यानं रीट जन्माला आले आणि करपात्र उत्पन्नाचा बहुतेक भाग, सध्याच्या नियमानं किमान ९० टक्के, त्यांना भागधारकांत वाटूनच टाकावा लागतो. हाताशी फार काही उरत नाही, म्हणून नव्या गोदामासाठी रोखे काढायचे. भाडं दरमहा येतं, रोख्यांवरचं व्याज सहसा सहा महिन्यांनी जातं. मधल्या काळात ते रोज साचतं.

उमेदवारीच्या काळात एका न्यासाचं हे साचलेलं व्याज वर्षभरात जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं. मी टिपणात ‘रोखीची ओढाताण’ असं ठोकून दिलं. माझ्या वरिष्ठ मॅडमनी कागद परत केला. म्हणाल्या, “आधी तारीख बघ.”

समजा, ४० कोटी डॉलरचे रोखे आहेत, दर ४ टक्के. हप्ते एप्रिल आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला असतील, तर ३१ डिसेंबरला तीन महिन्यांचं, म्हणजे ४० लाख डॉलर व्याज देणं दिसेल. ते रोखे फेडून तेवढेच, त्याच दराचे नवे रोखे एक जुलैला काढले आणि हप्ते जानेवारी-जुलैच्या एक तारखेला ठेवले, तर तोच आकडा ८० लाख. कर्ज तेवढंच, दर तोच. त्या वर्षीचा कामकाजाचा रोख प्रवाह मात्र ४० लाखांनी गुटगुटीत दिसतो, कारण पैसे अजून गेलेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जायचे आहेत! माझी ‘ओढाताण’ ती एवढीच होती. रीटवाले ज्या एफएफओवर, म्हणजे कामकाजातून मिळणाऱ्या निधीवर, बोलतात तो निव्वळ नफ्यापासून मोजतात, त्याला या हालचालीचा स्पर्शही होत नाही.

खरी गंमत विलीनीकरणाच्या वर्षी. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रोलॉजिसनं ड्यूक रिअल्टी घेतली, ड्यूकच्या एका शेअरला आपले ०.४७५ शेअर देऊन. अशा सौद्यात इमारतींबरोबर कर्ज येतं आणि कर्जाच्या अंगावर त्या दिवसापर्यंत साचलेलं व्याजही. ते व्याज घेणाऱ्याच्या नफातोट्यातून कधी गेलेलंच नसतं. त्यामुळे दोन ताळेबंदांतली वजाबाकी आणि रोख प्रवाह पत्रकातला बदल जुळत नाही. नवखी मुलं तासन् तास बेरजा तपासत बसतात. चूक बेरजेत नसते. माहेरहून आलेलं देणं सासरच्या खर्चात शोधलं की असंच व्हायचं.

बांधकामाचं वेगळंच. गोदाम उभं राहत असताना त्याच्या कर्जावरचं व्याज इमारतीच्या किमतीत चढवतात. नफातोट्यात ते दिसत नाही, देण्यात मात्र असतं. म्हणून मी ‘व्याजखर्च’ ही ओळ वाचून थांबत नाही. रोख प्रवाह पत्रकाच्या तळाशी ‘प्रत्यक्ष दिलेलं व्याज, भांडवलात चढवलेली रक्कम वगळून’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते, तिथे चष्मा पुसून जातो.

परवा एका नव्या मुलीनं टिपण आणून ठेवलं. दुसऱ्याच वाक्यात ‘रोखीची ओढाताण’. मी कागद परत केला.