गुपित

मी बँकेत कारकून आहे. नोकरीला लागताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करतो. त्यामुळे बल्लारपुरात कोणाच्या खात्यात किती पैसे आहेत, हे मला ठाऊक असूनही ठाऊक नसते. खातेदाराची बायको आली तरी शिल्लक सांगत नाही. माझी आली तरी सांगत नाही. माझ्या शिल्लकेत सांगण्यासारखे काही नसते, हा भाग निराळा.

पण परवा सकाळी दूध आणायला निघालो, तर शेजारचे भाऊ फाटकातूनच म्हणाले, "पोरीले गणितात कमीच पडले जी!"

मला ठाऊक नव्हते. पोरीलाही ठाऊक नव्हते. शाळेने आदल्या रात्री साऱ्या वर्गाचे गुण, नावांसकट, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले होते. चौघा पालकांनी त्यावर अंगठाही उंचावला होता. कोणाच्या गुणांना, देव जाणे!

आमच्या वेळचे प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी आठ-आठ दिवस सुखाने लपत असे. कागदाचा हा गुण, कागद गिरणीच्या गावात राहून, मला आता उमगला.

कन्या जेवली नाही. म्हणाली, "मार्क कमी पडले त्याचं नाही, बाबा. पण आता सगळ्यांच्या आईबाबांना माहीत आहे."

मग मी कायदा उघडला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तावातावाने शाळेत गेलो. बाईंनी शांतपणे फाइल काढली. 'अपार' क्रमांकाचे संमतीपत्र, फोटोंचे, गटाचे; तिन्हींवर माझीच सही! खातेदारांना रोज 'वाचून सही करा' म्हणणारा मी, एकही वाचले नव्हते.

"पण गुण जाहीर करा, असं यात कुठं आहे?" मी चाचरत विचारले.

बाईंनी कागद वाचला. बहुधा त्यांनीही पहिल्यांदाच. "एकेकाला पाठवायला वेळ कुठून आणू जी? वरून ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच." मग थांबून म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी एकेकालाच पाठवीन."

रात्री हा लेख कन्येला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कायद्याला तुमची संमती लागते. पण मार्क माझे आहेत. माझी कोण घेणार?"

मी घेतली. आकडा लिहायचा नाही, या अटीवर मिळाली. तेव्हा वाचकहो, विचारू नका. बँकेतला माणूस आहे.