आठवणींची साक्ष

स्मृति हें मनाचें कोठार आहे आणि त्यांत ठेवलेली वस्तु हवी तेव्हां जशीच्या तशी बाहेर काढतां येते, असा सर्वसाधारण समज आहे. ‘मला लख्ख आठवतें’ असें कोणी म्हटलें कीं वाद संपावा, ही आपली रीत. मानसशास्त्र मात्र या साक्षीवर इतका भरंवसा ठेवावयास तयार नाहीं.

केंब्रिजच्या बार्टलेट यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत एक प्रयोग वर्णिला आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक भुतांची कथा त्यांनीं इंग्रज वाचकांस दिली व पुढें ती पुनःपुन्हा आठवून लिहावयास लावली. कथा आखूड होत गेली. अपरिचित गोष्टी गळाल्या. ‘कॅनू’ जाऊन साधी ‘बोट’ आली. आठवणें म्हणजे पुन्हा रचणें होय, हा त्याचा इत्यर्थ.

२८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ यान आकाशांत भंगलें. ती वार्ता आपणांस कोठें व कशी कळली, हें उल्रिक नायसर यांनीं दुसऱ्याच दिवशीं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलें. अडीच-तीन वर्षांनीं त्यांपैकीं ४४ जणांस तेच विचारलें, तेव्हां सुमारें पाव जणांचें मुख्य असें कांहींच जुळेना. तरीहि पुष्कळांचा ठामपणा अढळ होता. स्वहस्ताक्षराचा कागद पाहूनहि मूळ आठवण परत आली नाहीं!

आम्हांस हा केवळ ग्रंथांतील विषय नाहीं. वडिलांनीं अखेरच्या आजारांत गांवच्या घराविषयीं काय सांगितलें, यावरून आमच्या दोघां वडील बंधूंचें बोलणें नऊ वर्षें बंद होतें. ‘घर विकूं नका,’ असें थोरल्यांस आठवे. ‘तुम्हांस सोयीचें तें करा,’ असें धाकट्यांस. दोघेहि शपथेस तयार, आणि दोघेहि सत्यवचनी, हें आम्ही जन्मभर पाहत आलों. एकांनीं तें घर राखलें, दुसऱ्यांनीं शहरांत संसार थाटला. प्रत्येकाच्या आयुष्यानें वडिलांचें वाक्य हळूहळू आपल्या मापाचें बेतून घेतलें असावें. थोरले आतां नाहींत. वाद मिटला नाहीं. वाद घालणारा एक गेला.

खोटें बोलणें आणि वेगळें आठवणें यांत महदंतर आहे. पहिल्यांत दोष शीलाचा, दुसऱ्यांत मनुष्याच्या मनाची घडणच तशी. म्हणून महत्त्वाचें वचन त्याच रात्रीं कागदावर उतरावें. आणि कागद नसेल तेथें आपल्या आठवणीबरोबर दुसऱ्याच्या आठवणीसहि बसावयास पाट द्यावा.