सेल्फ

गॅरेजमध्ये स्टार्टर मोटरला स्टार्टर कुणी म्हणत नाही. सेल्फ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ उठत नाही, सेल्फ उतरवावा लागेल. मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्याआधी गाडीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे. आपल्याकडे जुन्या फियाट आणि ॲम्बेसेडरवाल्यांनी ते हँडल पुढेही कित्येक वर्षे डिकीत बाळगले. मी नववीला सायन्स शिकवतो. वर्गात एकदा कुणी विचारले, ‘‘सर, सेल्फ को उर्दू में क्या बोलते?’’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘खुदी!’’ इक्बाल शिकवणारे आमचे सहकारी ते ऐकून दोन दिवस हसत होते.

आमची गाडी २००३ ची मारुती ८००. अब्बांनी घेतलेली. अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, म्हणून ती अजून दारात आहे. मागच्या पावसाळ्यानंतर तिचा सेल्फ रुसू लागला. किल्ली फिरवली की एकच ‘टक’, पुढे काही नाही. गल्लीतली मुले धक्का मारायला हौसेने येत, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी चालू होई; पण दवाखान्याच्या आवारात, थकलेल्या अम्मी आत बसलेल्या असताना, कुणाकुणाला हाक मारायची?

पहिल्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्याने नवा सेल्फ. दोघांनीही काही तपासले नव्हते. तिसऱ्या गॅरेजात मला तो भेटला. चार वर्षांपूर्वी नववीतून शाळा सोडलेला माझा विद्यार्थी. वडील आजारी पडले आणि घर त्याच्या अंगावर आले. मी तेव्हा दोनदा घरी जाऊन आलो होतो. त्याच्या आईने चहा दिला आणि एवढेच म्हणाली, ‘‘सर, रोज के पैसे कौन लाएगा?’’

त्याने बोनेट उघडायच्या आधी हेडलाइट लावायला सांगितले. ‘‘अब सेल्फ मारो, सर.’’ टक. ‘‘बत्ती उतरी नहीं ना?’’ उतरली नव्हती. बॅटरी दुबळी असती किंवा मोटर जाम असती, तर दिवे मंद झाले असते. दिवे तसेच राहिले, म्हणजे मोटर करंट खेचतच नव्हती. तरी त्याने मल्टिमीटर लावून बॅटरी पाहिली. १२.६ व्होल्ट. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून मला पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा जवळपास शून्यावर. अर्थिंग ठीक.

आता राहिले दोघे, सोलनॉइड आणि मोटर. सेल्फच्या पाठीवर बसलेला सोलनॉइड दोन कामे करतो. किल्लीकडून बारीक वायरने करंट आला की आतली गुंडाळी चुंबक होते; ती लहान पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दातांत अडकवते, आणि त्याच झटक्यात तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडून बॅटरीचा सगळा जोर मोटरीत सोडते. आपण ऐकतो तो ‘टक’ याचाच. त्याने मीटर मोटरीकडच्या बोल्टवर धरला. किल्ली फिरवली. बारा व्होल्ट तिथवर पोचत होते आणि मोटर गप्प. ‘‘सोलनॉइड बेकसूर आहे,’’ तो म्हणाला, आणि पान्याच्या दांड्याने मोटरीवर हलकेच दोनदा ठोकले. या खेपेला इंजिन घुर्र करून उठले. कार्बन झिजले होते; ठोकल्यावर जरा सरकून टेकले.

हा धडा मी दरवर्षी शिकवतो. आमच्या पुस्तकात बर्की मकनातीस, बर्की रौ, मुजाहमत. बाजारात चुंबक आणि करंट. त्याच्या हातांना यातला कुठलाच शब्द लागत नव्हता, पण एकेक गुन्हेगार वगळत जाण्याची रीत तंतोतंत प्रयोगशाळेतली होती. मागच्या दोन मेकॅनिकांकडे ती नव्हती.

सेल्फ काढताना त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. जाड वायर थेट बॅटरीची असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणग्या उडतात, पाना चिकटून लाल होतो. मग वायरी, मग बोल्ट. गंजलेल्या एका बोल्टने अर्धा तास खाल्ला. उघडल्यावर दिसले की नुसते कार्बन बदलून भागणार नाही. बुश झिजल्यामुळे आर्मेचर बाजूला घासले होते, तांब्यावर चरे पडले होते. रिकंडिशन सेल्फ आणला, तेव्हा दुकानातच त्याने जुन्या-नव्या पिनियनचे दात मोजले. बसवताना जागा पुसून घेतली, कारण मोटरीचे अर्थिंग तिच्या बॉडीतूनच होते. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडली. गाडी पहिल्या झटक्यात लागली.

पैसे देताना मी त्याच्याकडे सतरा नंबरच्या फॉर्मची गोष्ट काढली. शाळा सुटलेल्यांना तो भरून बाहेरून दहावीला बसता येते, उर्दू माध्यमातूनही. दहावी झाली तर आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला अर्ज करता येईल. तो हात पुसत राहिला. म्हणाला, ‘‘सर, वहाँ तो सब मराठी में होगा.’’ मी म्हटले, तू आत्ता मल्टिमीटर कुठल्या भाषेत वाचलास? तो हसला, पण मला माहीत आहे, हे काही खरे उत्तर नव्हते. आमच्या मुलांची ही भीती अशा चपखल वाक्याने जात नाही. मराठीसाठी रोज कुणीतरी शेजारी बसावे लागते. संध्याकाळी मगरिबनंतर अर्धा तास ये, असे मी सांगितले आहे.

जुना सेल्फ मी मागून घेतला आणि वर्गात नेला. मुलांनी तो टेबलावर उलगडला. एका मुलीने विचारले, घासणारा भाग कार्बनचाच का, तांब्याचा का नाही? मी सांगितले: कार्बन करंट नेतो आणि मऊ असतो, म्हणून झिजायचे ते तो झिजतो आणि आतले महागडे तांबे वाचते. तो स्वतः दाखवायला येणार होता. फाटकापर्यंत आला, शिपायाशी बोलला आणि ‘गॅरेजात गिऱ्हाईक आहे’ म्हणून परत गेला.

संध्याकाळी तो आजवर तीनदा आला आहे. फॉर्म त्याच्या पान्यांच्या पेटीत, वरच्या कप्प्यात आहे. वडिलांची सही अजून व्हायची आहे.