अँटिव्हायरस, जुना कॉम्प्युटर आणि 2005 ची खांड



आज भातावर लिहिणार आहे, पण वाट कॉम्प्युटरवरून जाते. जरा धीर धरा.

आमची शेती खारपाटातली. उलव्याच्या पुढे, उरणच्या वाटेवर. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण आमच्या भावकीचा एक पट्टा अजून बांधाच्या आत आहे आणि आम्ही तो कसतो. गेल्या ऑक्टोबरच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड गेली. बांध बांधून होईपर्यंत भरतीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं. मार्चमध्ये बांध पुरा झाला. आता मे संपत आला आणि घरात एकच विषय, यंदा त्या पाऊण एकरात भात लावायचं की पडीक ठेवायचं?

मी म्हणत होतो, पडीक ठेवू. कारण माझ्या आठवणीत 2005 पक्कं बसलेलं. 26 जुलैचा तो पाऊस सगळ्यांना माहीत आहे, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. त्या वेळी आमचा बांध दोन ठिकाणी फुटला होता. पुढच्या वर्षी लावलेलं भात जळून गेलं, एवढं मला आठवत होतं. बायको म्हणाली, "सगळं नाय जळलं. वरच्या खाचरात पिकलं होतं. तुम्ही लिहून ठेवलंय ना, बघा की."

लिहून ठेवलं होतं, खरं आहे. पण कुठे, तर कॉम्प्युटरमध्ये.

2004 साली गावातल्या एका शिकलेल्या पोराने मला छोटा प्रोग्रॅम बनवून दिला होता. तारीख, खाचराचं नाव, बी, खत, मजूर, पाणी, शेरा. 2012 पर्यंत मी रोज रात्री त्यात भरत होतो. त्या वेळचे मराठी फॉन्ट वेगळे होते, युनिकोड नव्हतं. त्यामुळे ती फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली की शेऱ्याच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो प्रोग्रॅम चालतो फक्त विंडोज एक्सपीवर. एक्सपीला कंपनीने 8 एप्रिल 2014 पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं. तेव्हा पुतण्याने युक्ती केली. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवला. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात एक्सपी चालतं, आणि एक्सपीत माझी वही.

जुना कॉम्प्युटर गेल्या दिवाळीत बसला. पुतण्याने ती मशीनची फाइल नव्या कॉम्प्युटरवर टाकली, व्हर्च्युअलबॉक्सही नवीन टाकला, आणि सुट्टी संपली म्हणून गडबडीत पुण्याला गेला. चालू करून बघितलं नाही. चूक दोघांची.

आता मेमध्ये मी बटण दाबलं तर इंग्रजीत पाटी आली, व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

दुकानात दाखवलं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू." मी विचारलं, आतला डेटा? म्हणाला, "जाईल." मी सीपीयू उचलला आणि घरी आलो. तुम्हालाही हेच सांगतो. अशी पाटी आली म्हणून फॉरमॅट करू देऊ नका. ही पाटी डेटा खराब झाल्याची नाही.

मग रात्री पुतण्याशी फोनवर बसलो. त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायचा तर प्रोसेसरची खास मदत लागते. इंटेलने ती सोय 2005 साली चिपमध्ये घातली, तिचं नाव व्हीटी-एक्स. एएमडीने पुढच्या वर्षी घातली, ती एएमडी-व्ही. आपल्या बांधाला जशी उघाडी असते तशी ही समजा. उघाडीची फळी एका वेळी एकाच्याच हातात पाहिजे. एकाने ती धरून ठेवली तर दुसऱ्याला वाटतं, इथे उघाडीच नाही. म्हणून पाटीवर "नॉट अव्हेलेबल" येतं. सोय असते, पण दुसऱ्याच्या ताब्यात.

पहिली तपासणी, सोय मुळात चालू आहे का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक करा. खाली "व्हर्च्युअलायझेशन" असं लिहिलेलं असतं. पुढे "डिसेबल्ड" असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. कॉम्प्युटर सुरू होताना एफ 2 किंवा डिलीट दाबून तिथे जातात, बटण कंपनीप्रमाणे बदलतं. माझ्याकडे "एनेबल्ड" होतं. म्हणजे सोय चालू, मग फळी कोणाच्या हातात?

ती होती अँटिव्हायरसच्या हातात.

मला हे पटेना. व्हायरस पकडणाऱ्याला याचं काय काम? पुतण्या म्हणाला, "काका, आजकालचे बरेच अँटिव्हायरस विंडोजच्याही खाली बसून पहारा देतात. संशयी प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवून बघतात, बँकेचं पान उघडलं की त्याभोवती कुंपण घालतात. त्यासाठी त्यांना हीच सोय लागते."

मी विचारलं, मग जुन्या कॉम्प्युटरवर तर हाच अँटिव्हायरस होता, तिथे कसं चालत होतं? त्याचंही उत्तर निघालं. जुना व्हर्च्युअलबॉक्स ही सोय मिळाली नाही तर तिच्याविना, हळूहळू का होईना, एक्सपीसारखी 32 बिटची विंडोज चालवून न्यायचा. डिसेंबर 2019 मध्ये 6.1 आवृत्ती आली तेव्हापासून ती पळवाट बंद झाली. आता सोय मिळाली तरच मशीन चालतं. भांडण आधीपासून होतं, नव्या आवृत्तीत ते उघड्यावर आलं.

मी लगेच अँटिव्हायरस दहा मिनिटांसाठी थांबवला. तसं बटण असतं त्यात. काही फरक नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी नाही. इथे दोन गोष्टी शिकलो.

एक, थांबवलं म्हणजे सोडलं असं नाही. पहारेकरी डोळे मिटून बसला तरी फळी त्याच्या हातातच. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये, बहुतेक वेळा "ट्रबलशूटिंग" किंवा "अ‍ॅडव्हान्स्ड" या भागात, "हार्डवेअर असिस्टेड व्हर्च्युअलायझेशन" असा किंवा त्याच्या जवळचा एक पर्याय असतो. तेवढीच खूण काढायची. अख्खा अँटिव्हायरस काढायची गरज नाही.

दोन, खूण काढल्यावर "शटडाउन" करून चालू करू नका, "रीस्टार्ट" करा. विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा झोपवून ठेवलेला असतो आणि सकाळी तसाच उठवतात. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं.

खूण काढली, रीस्टार्ट केलं, मशीनचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक्सपीची ती जुनी खूण आली, मग हिरवं माळरान आणि निळं आभाळ. मी आणि बायको, दोघंही गप्प बसून बघत होतो.

पुतण्याने आणखी एक गोष्ट सांगितली, कोणाला उपयोगी पडेल. त्याच्या नव्या लॅपटॉपवर अशी पाटी येत नव्हती, पण मशीन भयंकर सुस्त चालायचं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचं चित्र दिसायचं. तिथे फळी विंडोजच्या स्वतःच्या हातात होती. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं जात गेलं की "मेमरी इंटिग्रिटी" सापडते, तो हाच प्रकार. तीही सुरक्षेसाठीच आहे. बंद करायची तर कामापुरती करा, परत चालू करायला विसरू नका.

कारण याच कॉम्प्युटरवर माझं बँकेचं काम चालतं, सातबारा निघतो, पीकविम्याचे कागद आहेत. पहारा काढून वही वाचायची हा सौदा मला परवडणारा नाही. एक्सपी आता कोणी सांभाळत नाही, म्हणून त्या आतल्या मशीनचं इंटरनेट पुतण्याने सेटिंगमधूनच तोडून ठेवलंय. तसंच तोडून ठेवा. माझं काम झाल्यावर अँटिव्हायरसची खूण मी परत लावली.

आता वहीत काय निघालं ते सांगतो, कारण खटाटोप त्यासाठीच होता.

2006 च्या जूनमध्ये खालच्या खाचरात मी पहिल्या पावसावर घाईने लावणी केली होती. रोप कोवळं होतं. बाराव्या दिवसाचा शेरा, "पात्याची टोकं पांढरी, रोप बसत नाही." पुढे, "गेलं." आठवणीत राहिलं ते एवढंच.

वरच्या खाचराचं मी साफ विसरलो होतो. मजूर मिळाले नाहीत म्हणून तिथली लावणी लांबली होती. तोवर तीन वेळा पावसाचं पाणी भरून, चिखल ढवळून, ओहोटीला उघाडीतून सोडून दिलं होतं. रोप महिन्याच्या वर जुनं झालेलं, म्हणून चुडात चार-पाच काड्या घातल्या. तिथे नेहमीच्या निम्म्याहून थोडं जास्त पिकलं. 2007 ला दोन्ही खाचरं जवळजवळ जागेवर आली.

म्हणजे भात नुसत्या खारानं गेलं नव्हतं, माझ्या घाईनं गेलं होतं. वीस वर्षं मी दोष खांडीला देत आलो. बायकोची आठवण माझ्यापेक्षा खरी निघाली, हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर ती लिहायला लावेल.

तीन रात्री बसून 2004 ते 2012 च्या नोंदी मी साध्या तक्त्यात, आजच्या मराठी अक्षरात उतरवल्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छापून कपाटात. ज्यांच्या नोंदी अशा एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकल्या आहेत त्यांनी तो चालतो आहे तोवरच बाहेर काढून घ्या.

यंदाचं असं ठरलंय. दोन्ही खाचरांतली माती तपासायला दिली आहे. बी पनवेल-3 चं, आपल्या इथल्या खारभूमी केंद्रातून निघालेलं. खार सोसणारं असलं तरी कोवळेपणी आणि फुलोऱ्यात भाताला खार बाधतोच, हे धरून चाललोय. पहिले तीन भराव पाणी उघाडीतून सोडून द्यायचं. लावणी सगळ्यांच्या मागून करायची. गावातले हसतील, हसू देत.

बियाणं भिजवायला अजून आठ-दहा दिवस आहेत. माती तपासणीचा कागद आला की क्षारता किती निघाली ते इथे टाकतो.