जिवंताचा

१९८४ च्या उन्हाळ्यात आमची नेमणूक दुर्गला होती. दुर्ग तेव्हा मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड वेगळे व्हायला अजून सोळा वर्षे अवकाश होता. शेजारीच भिलाई, आणि भिलाईत १९५५ च्या करारापासून येत-जात राहिलेली रशियन मंडळी. आम्ही महसूल खात्यातले नवखे अधिकारी. पोलादाशी आमचा संबंध एवढाच, की कारखान्याची धूळ आमच्याही टेबलावर येऊन बसे.

एके दिवशी दोन कागद साक्षांकित करून घेण्यासाठी एक रशियन दुभाषी कचेरीत आले. वय पन्नाशीच्या पुढचे, हिंदी आमच्याहून शुद्ध. टेबलावरची पाटी वाचून त्यांनी विचारले, की या आडनावाचा अर्थ काय? पाटीवर ‘मुले’ असे होते. आम्ही खुलासा केला, की आमचे आडनाव ‘मुळे’. मुळे म्हणजे झाडाची मुळे. पाटी रंगवणाऱ्याला ळ ठाऊक नव्हता, आणि त्याने रंगवले आहे त्याचा मराठीत अर्थ होतो लेकरे. गृहस्थ खळखळून हसले. मग आम्हीही धीर केला. ग्वाल्हेरच्या वाचनालयात कॉलेजच्या दिवसांत वाचलेली एक इंग्रजी अनुवादाची प्रत आम्हाला आठवत होती. आम्ही विचारले, “आणि झिवागो म्हणजे काय?”

ते एकदम गप्प झाले. दाराकडे पाहिले. पास्तरनाकांची ती कादंबरी १९५७ साली इटलीत छापली गेली, १९५८ मध्ये लेखकाला नोबेल जाहीर झाले आणि आठवडाभरात त्यांना ते नाकारावे लागले, एवढे आम्हाला माहीत होते. १९८४ मध्येही ती त्यांच्या देशात छापलेली नव्हती, हे मात्र त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, “व्याकरण पूछिए साहब, बाकी मत पूछिए.” आणि आमच्याच टिपणवहीच्या मागच्या पानावर त्यांनी व्याकरण समजावून दिले. ते पान आमच्यापाशी अजून आहे. पुढची चाळीस वर्षे आम्ही त्या पानावर फावल्या वेळात भर घालत आलो. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

रशियन आडनावे बहुतेक ‘ओव्ह’, ‘येव्ह’, ‘इन’ किंवा ‘स्की’ने संपतात. कुझ्नेत्स म्हणजे लोहार, त्याचा कुझ्नेत्सोव्ह. स्मिर्नी म्हणजे शांत, निमूट. त्याच्यापासून स्मिर्नोव्ह, आणि हे तिकडचे सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. झिवागो या रांगेत बसत नाही. ‘झिवोय’ म्हणजे जिवंत. त्याची जुनी षष्ठी ‘झिवागो’, म्हणजे ‘जिवंताचा’. आडनावाच्या जागी नुसते षष्ठीचे रूप येऊन बसले आहे, पुढचे नाम गळून गेले आहे. (यातला पहिला वर्ण झाडातला झ नव्हे, झेंड्यातलाही नव्हे, आपल्या लिपीत त्याला घर नाही.)

आम्हाला यात परके काही वाटले नाही. आपल्याकडे पंगतीत नवे पोर दिसले, की म्हातारी माणसे विचारतात, “कोणाचा रे तू?” पोर सांगते, “जोश्यांचा.” पुढे मुलगा, नातू, पुतण्या असे काही जोडण्याची गरज नसते. रशियात, विशेषतः उत्तरेकडे आणि सैबेरियात, हेच उत्तर आडनाव होऊन बसले. चेर्निख म्हणजे ‘काळ्यांचा’. आमच्या काळ्यांनी हे वाचून समाधान मानावे. मात्र ‘आगो’ किंवा ‘ओवो’ने संपणारी एकवचनी षष्ठीची आडनावे फार थोडी, आणि ती बहुधा जुन्या घराण्यांची. वेसेलागो म्हणजे ‘आनंद्याचा’. रशियन आरमाराचा इतिहास लिहिणारे एक वेसेलागो एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. खित्रोवो म्हणजे ‘लबाडाचा’. दुर्नोवो म्हणजे ‘वाइटाचा’. या शेवटच्या घराण्यातले प्योत्र दुर्नोवो १९०५-०६ मध्ये झारचे गृहमंत्री होते. त्यांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये झारला एक टिपण सादर केले, की जर्मनीशी युद्ध करू नये. केले तर देशात क्रांती होऊन सगळेच बुडेल. इतके अचूक सरकारी टिपण आम्ही आमच्या नोकरीत कधी पाहिले नाही. त्याचे काय झाले, तेही सरकारी रिवाजाला धरूनच झाले.

आता गंमत अशी, की ज्या भाषेत ‘जिवंताचा’ आहे तिच्यात ‘मेलेल्याचा’ही आहे. मेर्त्वागो. हे कादंबरीकाराच्या कल्पनेतले नव्हे. दिमित्री बोरिसोविच मेर्त्वागो (१७६०–१८२४) हे मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी होते, क्रिमियाच्या बाजूला गव्हर्नर होते, आणि त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. लेखक सेर्गेई अक्साकोव्ह यांचे ते धर्मपिता. चौदाव्या वर्षी पुगाचोवच्या बंडात त्यांचे वडील मारले गेले, पोर वाचले. ‘मेलेल्याचा’ हे नाव लावणारा हा मनुष्य त्यानंतर पन्नास वर्षे जगला, हे आम्हाला फार हृद्य वाटते.

अशी नावे मुळात का पडली असतील? आमचा तर्क आपल्याकडच्या चालीवरून आहे. ज्या घरी मुले जगत नसत त्या घरी मुलाला धोंडू म्हणत, दगडू म्हणत, केरू म्हणत. यमाला ते नाव नेण्यालायक वाटू नये हा हेतू. रशियातही ही रीत होती. ‘नेक्रास’ म्हणजे कुरूप, हे चांगल्या पोराला मुद्दाम ठेवलेले नाव. त्याचे नेक्रासोव्ह झाले, आणि त्या आडनावाचा एक मोठा कवी झाला. एखादे पोर मरता मरता वाचले असेल आणि शेजाऱ्यांनी त्याला ‘झिवोय’ म्हटले असेल, असे मानायला आम्हाला अडचण वाटत नाही.

दुभाष्यांनी पानावर आणखी एक शब्द लिहिला होता आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या: जीव. ‘झिव’ आणि ‘जीव’ हे सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमधला ‘विवुस’ आणि फारसीतला ‘जिंदा’ हेही त्याच कुळातले. आम्ही ग्वाल्हेरचे. जिवाजी हे नाव आमच्या गावाने राजवाड्यावर पाहिले, १९६४ पासून विद्यापीठावर पाहिले. त्यातला जीव रशियापर्यंत नातेवाईक बाळगून आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती. रशियनांनी आणखी एक चमत्कार केला आहे. त्यांचा ‘झिवोत’ हा शब्द जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेत आयुष्य या अर्थाचा; आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ आहे पोट. जीव पोटापर्यंत उतरण्यास त्यांना काही शतके लागली. आमचे म्हणाल, तर आमचे पणजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत ग्वाल्हेरला आले तेच पोटासाठी.

हे आडनाव दुर्मीळ का राहिले, याचे अर्धे उत्तर घराण्याच्या लहानपणात आहे आणि अर्धे लेखनपद्धतीत. रशियनमध्ये विशेषणाची षष्ठी आज ‘झिवोगो’ अशी लिहितात आणि ‘झिवोवा’ अशी वाचतात. ग लिहून व म्हणायचा, ही त्यांची जुनी खोड. ‘आगो’ हे रूप चर्चच्या भाषेतून आलेले. पेत्रसाने येशूला जिवंत देवाचा पुत्र म्हटले, त्या वचनात नेमके ‘झिवागो’ हेच रूप येते. पास्तरनाकांनी वरलाम शालामोव्ह यांना सांगितले होते, की लहानपणी ती प्रार्थना म्हणताना ते या शब्दापाशी क्षणभर थांबत, आणि देवाचेच नाव झिवागो आहे असे त्यांना वाटे.

पुढे क्रांती झाली. लिपी सुधारण्याचे काम खरे तर १९०४ पासून अकादमीतले विद्वान करीत होते; क्रांतीने ते डिसेंबर १९१७ मध्ये हुकूम काढून आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये पुन्हा बजावून अमलात आणले. काही अक्षरे बाद झाली. ‘आगो’ जाऊन सगळीकडे ‘ओगो’ आले. पेत्रोग्रादमध्ये खलाशी छापखान्यांत शिरून बाद अक्षरांचे खिळे जप्त करून घेऊन गेले. त्यात एक खिळा असा होता, की जो शब्दाच्या मधोमध काही ठिकाणी अजून लागत होता. तो नाहीसा झाल्यावर जुळारी त्या जागी स्वल्पविरामासारखे चिन्ह उलटून लावू लागले. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून ‘आगो’ गेले. राहिले ते मूठभर आडनावांत. ज्या घरांनी आपली सही बदलली नाही, त्यांच्यापाशी ते राहिले, आणि त्याचा ग आजही ग असाच उच्चारतात.

खरे झिवागो होते काय? होते. रियाझान गावी एकोणिसाव्या शतकात सेर्गेई झिवागो या व्यापाऱ्याच्या नावाची बँक होती. मॉस्कोत अलेक्झांडर वासिल्येविच झिवागो (१८६०–१९४०) हे खरोखरीचे डॉक्टर होऊन गेले. रोग्यांतून वेळ काढून ते प्राचीन इजिप्तच्या विद्येत रमत. कादंबरीतल्या डॉक्टर झिवागोंना त्यांची ओळख होती की नाही, या वादात आम्ही पडत नाही. पास्तरनाकांना नावाची किंमत कळत होती, एवढे खरे. त्यांच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ आहे गाजरासारखा एक पांढरा कंद. तो बिचारा रशियन रश्श्यात पडतो. त्यांनी कादंबरी सुरू केली ती एका प्रेतयात्रेपासून. रस्त्यातले लोक विचारतात, कोण गेले? उत्तर मिळते, झिवागो. म्हणजे जिवंताला पुरायला निघाले आहेत. अनुवादातून हे निसटते. आमच्या वाचनालयातल्या प्रतीतून ते आमच्याही हातून निसटले होते. पुढे सांगितले आहे, की एके काळी त्या घराण्याच्या नावाचा कारखाना होता, बँक होती, टायला लावायच्या पिनेची तऱ्हा होती, गोल आकाराचा गोड केकसुद्धा होता. आणि मग हे सगळे उडून गेले. त्या घरच्या पोराजवळ उरले ते नाव.

१९८८ मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकाने ती कादंबरी रशियात छापली. तेव्हा आमची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली होती. दुभाष्यांना पत्र लिहावे असे पुष्कळदा मनात आले, पत्ता नव्हता.

या सगळ्या चौकशीच्या मागे आमची एक खाजगी बोच आहे, ती आता सांगतो. त्याच दुर्गच्या दिवसांत एक वृद्ध बाई आमच्याकडे आल्या होत्या. मराठी, घराणे तीन पिढ्या छत्तीसगडात. खसऱ्यात त्यांच्या सासऱ्यांचे आडनाव एक, बँकेच्या पुस्तकात दुसरे. फरक एका ळ चा. त्यांना खसऱ्यातले नाव दुरुस्त करून हवे होते. काम वाढवायचे कशाला, म्हणून आम्ही त्यांना सोपी वाट सांगितली: चुकीचे नाव हेच आमचे नाव, असे प्रतिज्ञापत्र करून द्या, आठ दिवसांत पैसे मिळतील. कचेरीतल्या हिंदी टंकयंत्रावर ळ नाहीच, हेही सांगितले. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही आपल्यातलेच, म्हणून विचारते. मग माझ्या सासऱ्यांचं नाव काय होतं म्हणायचं?” आम्ही उत्तर दिले नाही. शिपायाने पुढचा माणूस आत सोडला. प्रतिज्ञापत्र झाले, पैसेही मिळाले असतील.

त्या बाईंना आम्ही ज्या वाटेने लावले त्याच वाटेने आम्ही स्वतः पस्तीस वर्षे गेलो. सेवापुस्तिकेत मुले, वेतनपत्रात मुले, हिंदीत सही करायची तेव्हाही मुले. ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेत असलेले अक्षर आमच्या खात्याला परके होते, आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य केले. चिरंजीव परदेशी गेले. तिथे इंग्रजी लिपीतले आमचे आडनाव वाचून लोक त्याचा अर्थ खेचर असा करतात. गेल्या वर्षी नात झाली. त्यांनी दूरध्वनीवर सांगितले, “बाबा, हिचं आडनाव तिच्या आईचंच लावतो आहोत. नाहीतरी आपलं नक्की कोणतं ते तुमच्या कागदांवरूनही ठरत नाही.” त्यांचे चुकले असे आम्हाला म्हणता आले नाही. आईचे आडनाव लावण्यालाही आमची हरकत नाही. वाक्याचा उत्तरार्ध मात्र रात्री झोपू देईना.

सकाळी उठून आम्ही निवृत्तिवेतनाच्या कागदांवरील नाव दुरुस्त करण्याचा अर्ज लिहिला. दाखला म्हणून पणजोबांच्या सनदेची प्रत जोडली. तीत ळ स्पष्ट आहे. अर्ज फाल्गुनात दिला. पोच आली आहे. ती श्री. मुले यांच्या नावे आहे.