गुप्त भीमाशंकरची वाट

"सर, मुलांना घेऊन जाता येईल अशी जंगलातली एखादी सोपी वाट सांगा ना," असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. नोकरीत असताना शाळेच्या बऱ्याच सहली नेल्या, त्यामुळे या विषयातला जाणकार अशी उगाचच ख्याती झाली आहे. मी भीमाशंकर सांगतो. देवळापर्यंत सगळेच जातात, पण तुम्ही तिथून पुढे रानात शिरणारी गुप्त भीमाशंकरची पायवाट धरा, असंही सांगतो. उत्तर बरोबर आहे. फक्त ते देण्याचा अधिकार मला आहे का, याची मला शंका आहे.

तर झालं असं. १९८८ साली मी भीमाशंकरला कोकणाच्या बाजूने चढलो होतो. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून दोन वाटा वर येतात. एक गणपती घाटाची. लांबची, पण सरळ चालत जावी अशी. दुसरी शिडी घाटाची. जवळची, पण कड्याला भिडणारी, आणि जिथे कडा अगदीच उभा तिथे लोखंडी शिड्या. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात आणि मग एकच चढण उरते. माझ्याबरोबर शाळेतली दहावीची आठ-दहा मुलं होती आणि माझी मुलगी होती. तिचं वय वर्षं नऊ.

नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गणपती घाटाने जावं हे कोणीही सांगेल. मी शिडी घाट धरला. त्या वयात मला अंगात रग होती आणि ती विद्यार्थ्यांना दाखवण्याची हौसही होती, दुसरं काय! पहिली शिडी ती चढली. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर थांबली आणि रडायला लागली. मी वर पोचलो होतो. वरून ओरडलो, "घाबरट कुठली! ही बघ पोरं कशी चढली!" पोरं हसली. शेवटी त्यांच्यातलाच एक जण उतरून तिच्या मागे उभा राहिला आणि तिला वर घेऊन आला. पठारावर ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

त्यानंतर ती माझ्याबरोबर कुठल्याही डोंगरावर आली नाही. अभ्यास आहे, पाय दुखतोय, मैत्रिणीकडे जायचंय. कारणं दरवेळी वेगळी. मी फारसा विचार केला नाही. डोंगराची आवड सगळ्यांनाच नसते, असं म्हणून सोडून दिलं.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात तिचा फोन आला तेव्हा मी जरा गडबडलोच. "बाबा, याच्या शाळेत शेकरूचा धडा झालाय. सारखा मागे लागलाय. भीमाशंकरला जाऊया का? तुम्ही आणि आईपण चला." नातवाचं वय? नऊच. हा योगायोग तिच्या लक्षात होता की नाही, ते मी विचारलं नाही.

पुण्याहून पहाटे निघालो. मंचरला नाशिकचा रस्ता सोडला, घोडेगाव मागे टाकलं आणि डिंभे धरणाच्या पाण्याकडेकडेने वर चढू लागलो. मागच्या सीटवर प्रश्नोत्तरं चालू होती. शेकरू म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, मोठी खार. शेपटीसकट जवळजवळ तीन फूट. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरं. जमिनीवर क्वचितच उतरते, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस-वीस फुटांची झेप घेते. भीमाशंकरचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः तिच्यासाठी. "बिबट्या आहे?" नातवाने विचारलं. आहे म्हटलं. मुलांना खोटं सांगू नये. पण आपल्यासारख्या बडबड्या लोकांपासून तो लांबच राहतो, हेही सांगितलं.

भीमाशंकरचं देऊळ खोलगट जागी आहे, गाडीतळावरून पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्या हिच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, तरी कठडा धरून, चार ठिकाणी बसत ती उतरली. दर्शन झालं. शिखर नाना फडणविसांनी बांधलं, आणि ती मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई जिंकली तिथून आणलेली. हे मी नातवाला सांगितलं आणि त्याने ऐकल्यासारखं केलं. त्याचं सगळं लक्ष झाडांकडे. ही म्हणाली, "मी इथेच पायरीवर बसते. तुम्ही जाऊन या." तिच्या हातात पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि आम्ही तिघं निघालो.

आता वाटेबद्दल, कारण वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर त्याला उपयोग होईल. ही पायवाट दाट झाडीतून हळूहळू उतरत जाते. कुठे कडा नाही, शिडी नाही. मुळं आणि दगड मात्र पायात येतात, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत. वाटेत साक्षी विनायकाचं छोटं देऊळ लागतं. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडं आहेत आणि भर दुपारीसुद्धा ऊन तुकड्यातुकड्यानेच खाली येतं. हिरड्याखाली मी थांबलोच. इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात वर्षाकाठी रोख पैसा येतो त्यात या हिरड्याचा मोठा वाटा. कोवळी फळं गोळा करून वाळवतात, तोच बाळहिरडा. आपल्या घरात खोकल्याला चघळायला देतात ना, तो. पावसाळ्यात मात्र ही वाट टाळावी. दगड शेवाळतात, ओढा फुगतो आणि वनखातं बरेचदा वाट बंदच ठेवतं.

मुलीची चालण्याची पद्धत मी बघत होतो. तिने नातवाला सगळ्यात पुढे ठेवलं होतं. तो थांबला की ती थांबायची. तो मुंग्यांची रांग बघायला बसला की तीही बसायची. "अजून किती लांब?" असं त्याने एकदाच विचारलं. तेव्हा तिने अंतर सांगितलंच नाही. म्हणाली, "वर बघ, घरटी मोज." शेकरू फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांची गोल घरटी करते, आणि एकच नाही, एकेक शेकरू कितीतरी बांधते. नातवाने परतेपर्यंत अकरा मोजली. त्यातली दोन-तीन बांडगुळं असावीत असं मला वाटलं, पण मी गप्प बसलो. चाळीस वर्षं लोकांच्या मुलांच्या चुका लाल शाईने काढल्या, ही नाही काढली.

गुप्त भीमाशंकरला ओढ्याचं पाणी खडकावरून लिंगावर पडतं. डिसेंबरात धार बारीक झालेली, पण पडत होती. देवळापाशी उगम पावलेली भीमा लुप्त होते आणि इथे रानात पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. नातवाला म्हटलं, हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते आणि कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. त्याने पाण्यात एक पान सोडलं. "हे पंढरपूरला जाईल?" मी म्हटलं, मध्ये धरणं आहेत रे बाबा.

जाताना उतरलेलं येताना चढावं लागतं, हे मुलांच्या सहलीत मी शेकडो वेळा सांगितलेलं वाक्य. त्या दिवशी ते माझ्यावरच आलं. अर्ध्या वाटेत छातीत भाता चालल्यासारखं झालं. बरोबरची एक-दोन कुटुंबं पुढे निघून गेली. मी एका दगडाला टेकलो आणि झाडं बघत असल्याचा बहाणा केला. नातू पुढून धावत परत आला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आजोबा, घाबरलात?"

"असं विचारायचं नाही," मुलगी पटकन म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण त्यात काहीतरी होतं. नातू ओशाळला. तिने त्याला लाडू दिला आणि पुढच्या वळणापर्यंतची घरटी मोजायला पाठवलं, दिसशील इतक्याच अंतरावर थांब म्हणून बजावून. मग माझ्या शेजारी बसली.

पस्तीस वर्षं जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोललो. "तुला ती शिडी आठवते?"

"आठवते ना."

"मी तुला घाबरट म्हणालो होतो."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला शिडीची इतकी भीती नव्हती वाटली. खालून चढताना तुमची पाठ दिसत होती. मला वाटत होतं, तुम्ही एकदा मागे वळून बघाल. तुम्ही थेट वर पोचल्यावरच बघितलंत. आणि तेव्हा सगळी मुलं तुमच्याबरोबर होती."

मी काय बोलणार? "चुकलंच माझं," एवढं म्हणालो. वर्गात मुलांकडून हे वाक्य कितीदा वदवून घेतलं असेल, पण घरात स्वतः कधी म्हटल्याचं आठवत नाही. ती "असू दे" म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. नुसतं पाणी पुढे केलं. आम्ही तिथे चांगली दहा-पंधरा मिनिटं बसलो. मग ती उठली, मला पुढे घातलं आणि स्वतः मागून चालली. मध्ये मी दोनदा वळून पाहिलं. होती.

शेकरू काही दिसलं नाही. जाऊन-येऊन दोन तासांची वाट आम्हांला साडेतीन तास लागली, तेवढ्या वेळात एकही नाही. नातू हिरमुसला होता. देवळाच्या पायऱ्यांवर ही आमची वाट बघत बसली होती, लाडवांचा डबा जवळजवळ रिकामा.

"अरे, किती वेळ!" ती म्हणाली. "इथे ते तुमचं शेकरू येऊन गेलं. त्या झाडावर, हे एवढं मोठं. अर्धा तास काहीतरी कुरतडत बसलं होतं. मला वाटलं तुम्हीही बघून आला असाल."

नातवाने तिच्याकडे असं काही पाहिलं की बस! पुढचा सगळा रस्ता, घोडेगाव येईपर्यंत, तो आजीशी बोलला नाही. मंचरला मिसळ खाल्ल्यावर मग शेपटीचा रंग नक्की कसा होता, ते त्याने तीनदा विचारून घेतलं.