कवळीचा हिशेब

गेल्या दिवाळीत चकली चहात बुडवून कवळीला सोसेल अशी करीत मी पुतणीच्या शिक्षणाचा हिशेब मांडीत होतो. तिला कवळ्या घडविण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यायचा होता. (१९४८ च्या कायद्याने या कारागिरांनाही नोंदणी मिळाली, हे मला तिनेच सांगितले!) कर्ज १,२०,००० रुपये, व्याज १० टक्के. शिकत असता हप्ता नाही; पण व्याज काही झोपत नाही. ते २४,००० चढणार, मग पाच वर्षे दरमहा ३,०६०. पगार १४,०००.

"बसते की!" मी म्हणालो.

"आणि दुकानातले ९,००० सोडायचे, ते कुठे मांडलेत, काका?"

दोन वर्षांचे २,१६,०००! कर्जाहून मोठा आकडा, आणि माझ्या कागदावर नव्हताच. मी पेन्सिल ठेवली. तिने उचलली.

"हप्ते फिटल्यावर वीसएक महिन्यांनी बरोबरी होते. अर्ज भरू?"